सुशीलचा पाय

आमच्या गावात कुणाला काय काम नसलं की माझा विषय निघतो. देवळाच्या कट्ट्यावर, हायवेला खांब गावच्या नाक्यावर, कुठंही. "त्यानंच खडा उचलला ना?" असं बोलतात आणि मी जवळ गेलो की गप्प बसतात. अरे, तोंडावर बोला की! उचलला मी खडा. कबूल करून झालं, हौसाकाकीच्या पाया पडून झालं, राखणदाराला नारळ देऊन झाला. आता काय डोंगर डोक्यावर घेऊन फिरू? पण मला नावं ठेवणाऱ्या या लोकांना सुशील धड माहीत नाय. म्हणून आधी त्याचं सांगतो.

सुशील आणि मी एका आळीतले. शाळेत एका बाकावर. त्याचा बाप गुणाजीकाका गवत कापायला डोंगरात जायचा, पोराला खांद्यावर घेऊन. त्यामुळं सुशीलला डोंगराच्या सगळ्या वाटा पाठ. पुढं काका गेले, सुशील धाटावच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं लागला आणि आठ दिवसांनी मला पण त्यानंच चिकटवला. "हा काळुराम, कामाला वाघ हाय," असं सुपरवायझरला सांगून. वाघ कसला, मला पाइप रिंच कुठल्या बाजूनं धरतात ते पण माहीत नव्हतं.

चौदा वर्षं झाली त्याला. चौदा वर्षं कंत्राटी म्हंजे काय, ते ज्याचं जळतं त्याला कळतं. तोच प्लांट, तोच वास, तीच शिफ्ट. पण कायमवाल्याचं पोरगं आजारी पडलं तर कंपनी बघते, आमचं पडलं तर देव बघतो. दरवर्षी मध्येच चार दिवस घरी बसवायचे, म्हंजे आम्ही सलग कामावर होतो असं कुठं दिसायला नको. सुशील त्या चार दिवसांत शेतात जायचा आणि एक अक्षर बोलायचा नाय. मी शिव्या घालायचो. तो बोलायचा, "होईल रे. एक दिवस होईल."

जपून वागणारा माणूस. लोखंडी जिना आम्ही दोन-दोन पायऱ्या सोडून उतरायचो, हा कठड्याला धरून एक-एक. चहा बशीत ओतून तीनदा फुंकणार. भात कापून झाला की शेतात वाल टाकायचा आणि शिफ्टवरनं आला की आधी कोपरापर्यंत साबणानं हात धुणार, मग वालाला हात लावणार. कंपनीचा वास पिकाला लागतो, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. त्याची बायको मनाली बोलायची, "माझ्यापाशी असेच येतात, हातबित काय धूत नायत. वालाचं नशीब चांगलं हाय गो बाय."

तर गेल्या जानेवारीत बातमी आली. आमच्या प्लांटमधला एक माणूस कायम करणार. एकच. यादीत पहिला सुशील, दुसरा मी. आठ दिवसांचा फरक. सोमवारी सकाळी त्याची मेडिकल, त्यात पास झाला की सही. मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू. पण त्याच्या गळ्यात पडलो तेव्हा ते पण खोटं नव्हतं.

त्याच्या आदल्या दिवशीचा रविवार आमचा डोंगराचा. भाताची झोडणी-बिडणी उरकली की आम्ही चौघं वर्षातनं एकदा वर जातो. सुशील, मी, हमरापूरला गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा आदेश आणि रोह्याच्या शाळेत भूगोल शिकवणारा साईराज. पहाटे चढायचं, खिंड ओलांडून धारेवरनं पार टोकापर्यंत जायचं, संध्याकाळच्या आत खाली आणि मग सुशीलच्या शेतात मडकं लावून वालाच्या शेंगांची पोपटी. पंधरा वर्षांत एकदा पण चुकलं नाय.

यंदा सुशील बोलला, "मी नाय येत. सोमवारी मेडिकल हाय. काय झालं म्हंजे?"

आम्ही त्याला सोडतोय होय! आदेश बोलला, म्हातारा झाला. साईराज बोलला, बायकोनं बांधून ठेवला. आणि मी बोललो, "अरे, आत्तापासूनच कायमवाल्यासारखा वागायला लागलास का? आता आम्हा कंत्राटी लोकांबरोबर कशाला फिरशील तू!"

ते त्याला लागलं. लागावं म्हणूनच बोललो होतो मी. पहाटे तो सगळ्यांच्या आधी नाक्यावर उभा. पायात कंपनीचे सेफ्टी शूज, पुढं लोखंडाची वाटी असलेले. आम्ही हसलो तर बोलतो, "हसा. अंगठ्यावर धोंडा पडला तरी काय व्हायचं नाय." पाय सांभाळायला म्हणून त्यानं ते घातलेले, हे लक्षात ठेवा.

खिंडीपर्यंत दीड तास लागतो. खिंडीत आमचा राखणदार हाय. देऊळबिऊळ काय नाय, उघड्यावर शेंदूर लावलेला एक धोंडा आणि त्याच्यापुढं सपाट कातळ. वर जाणाऱ्यानं एक खडा त्या कातळावर ठेवायचा. उतरताना आपला खडा आपण उचलायचा आणि मागं न बघता खांद्यावरनं टाकायचा. गवताला, लाकडाला जाणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली. दिवस कलताना कातळ रिकामा असला म्हंजे सगळे घरी आले. एक जरी खडा उरला, तरी कुणीतरी वर अडकलाय, गाव शोधायला निघतं. दुसऱ्याच्या खड्याला मात्र हात लावायचा नाय. एकदाच लावतात. माणूस वर मेला आणि त्याला खाली आणला, तर घरचा कुणीतरी त्याचा खडा उचलतो.

चौघांनी खडे ठेवले. सुशीलचा पांढरा, गारगोटीचा. मग तो बसला हात जोडून. नारळ फोडला, उदबत्ती वाऱ्यानं पेटेना तर चार वेळा काडी ओढली, पुटपुटत राहिला. आम्ही उभे. पिशवीत दुसरा नारळ दिसला तर बोलला, "हा उतरताना. काम सोपवलंय, तर दोन्ही बाजूनं मान द्यायला पायजे."

पुढची वाट म्हंजे घसारा. पाय ठेवला की मुरूम आणि तू, दोघं खाली. त्यानंतर काळ्या कातळाचे टप्पे, हातानं धरून चढायचे. साईराजनं दम खायला म्हणून मास्तरकी काढली, की हा सगळा डोंगर म्हंजे लाव्हा, जमिनीतनं वितळलेला दगड येऊन थरावर थर बसला, भोकं दिसतात ती वाफेची. सुशीलनं भोकात बोट घालून बघितलं. "म्हंजे आपल्या रिॲक्टरसारखंच. आन इथं शिफ्टला कोण होतं?" आम्ही एवढे हसलो की आदेशला ठसका लागला. त्या दिवशीचं शेवटचं हसणं ते.

धारेवर ऊन बेकार तापलं. दोन्ही बाजूंना सरळ कडा, मध्ये पाऊलभर वाट, वारा असा की टोपी धरायला एक हात लागतो. सुशील सगळ्यात मागं, प्रत्येक पाऊल चाचपून. टोकाला जाऊन भाकरी खाल्ली आणि परतलो तेव्हा पाणी संपलेलं. आदेश आणि साईराज फोटो काढत रेंगाळले. मी आणि सुशील पुढं आलो.

खिंडीच्या वर वाटेला फाटा फुटतो. वरची वाट सरळ खिंडीत, खालची पाण्याच्या टाक्यावरनं वळसा घालून. सुशील बोलला, "तू हो पुढं. मी बाटल्या भरून आलोच." आणि खालच्या वाटेला लागला. मी खिंडीत आलो, बसलो. पायांचे तुकडे पडलेले, पोटात कावळे कोकलत होते. आता हा येणार, नारळ काढणार, काड्या ओढणार, अर्धा तास पुटपुटणार, हे डोळ्यांसमोर दिसायला लागलं. माझं डोकं फिरलं. मी माझा खडा उचलला, टाकला. आणि त्याचा पांढरा पण उचलला, टाकला. म्हटलं, खडाच नसला तर काय पूजा करतोस! शोधशोध शोधेल आणि मला शिव्या देत धावत येईल. मस्करी. आई शप्पत, तेवढंच मनात होतं. आणि मी खाली उतरायला लागलो.

तिकडं टाक्यावर त्या बुटांनी घात केला. ओल्या कातळावर ते धरतच नायत. सुशील घसरला आणि पाय दोन दगडांच्या बेचक्यात गेला. वर फोनला रेंज नाय, तो हाका मारत होता. तेवढ्यात आदेश-साईराज वरच्या वाटेनं खिंडीत आलेले. कातळावर दोनच खडे, त्यांचेच. साईराज बोलला, "कुणीतरी हाक मारतंय रे." आदेश बोलला, "आपले दोघं तर खाली गेले, खडे नायत त्यांचे. गुराखी असंल." आणि ते पण उतरले. त्यांची काय चूक? जन्मापासून जे शिकले त्यावर विश्वास ठेवला.

खाली चहाच्या टपरीवर मी दोन चहा सांगून बसलेलो, एक त्याचा. हे दोघं आले. "सुशील कुठाय?" मी विचारलं.

"तुझ्याबरोबर ना? खडा नव्हता त्याचा."

मी खरं सांगितलं नाय. इथं मला मारा, खड्यासाठी नको. मी बोललो, "मग असंल इथंच कुठं, लघवीला गेला असंल." वीस मिनिटं आम्ही टपरीच्या मागं, ओढ्याकडं हाका मारत फिरलो, आणि मला माहीत होतं की तो वर हाय. शेवटी साईराज फोन काढून त्याच्या घरी लावायला लागला, तेव्हा तोंडातनं निघालं, "खडा मी उचलला." आदेशनं माझ्याकडं जसं बघितलं, तसं कुणी कुत्र्याकडं पण बघत नाय. मग तिघं धावत वर.

सुशील राखणदाराच्या धोंड्याला टेकून बसलेला. टाक्यापासून खिंडीपर्यंत दीड तास सरपटत आलेला. कोपरं सोललेली, पँट फाटलेली, उजवा पाय घोट्यापासून भलतीकडंच वळलेला. समोरच्या रिकाम्या कातळाकडं बघत होता.

"माझा खडा?" त्यानं विचारलं.

"मी उचलला."

"बरं," तो बोलला. "उद्या मेडिकल हाय, काळू. लवकर खाली न्या मला."

आलटून-पालटून पाठीवर घेतला आम्ही त्याला. घसाऱ्यावर मी घेतला, कुणाला देईना. तो माझ्या कानाशी एकच विचारत होता, "नुसता मुरगळला असंल ना? पट्टी बांधली तर उभा राहीन ना उद्या?" मी व्हय व्हय करत होतो. माझी मान त्याच्या घामानं भिजली का माझ्या रडण्यानं, ते मला आठवत नाय.

रोह्याला नेला, तिथनं पेणला हाडांच्या डॉक्टरकडं पाठवला. डॉक्टरांनी पायाचा फोटो बघितला आणि चिडले. जागेवर पडून राहिला असता तर प्लास्टरवर भागलं असतं, सरपटल्यानं हाड सरकलं, आता सळई टाकावी लागेल. सुशीलच्या आईनं, हौसाकाकीनं, ते ऐकलं. खड्याचं तिला आदेशनं सांगितलेलंच होतं. ती म्हातारी माझ्या अंगावर आली नाय, ओरडली नाय. नुसती बोलली, "जित्या माणसाचा खडा उचललास रे काळू. मेल्याचा उचलतात." मी पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले तिनं.

सोमवारी सकाळी ऑपरेशन. बरोबर मेडिकलच्या वेळेला. आत न्यायच्या आधी डॉक्टर बाहेर आले आणि मला आणि मनालीला बोलले, "घाबरू नका. तरणा माणूस आहे. तीन महिन्यांत चालेल, नंतर धावेलसुद्धा." मनाली रडत-हसत सासूला सांगायला खाली गेली. सुशीलचा फोन माझ्या हातात होता. तो वाजला. आमचा सुपरवायझर.

"कोण, काळुराम? ऐकलं मी. वाईट झालं. हे बघ, साहेब चांगले हायत. तीन-चार महिने जागा धरून ठेवतो बोलले, पण पाय नीट होणार असेल तरच. नायतर यादी पुढं सरकवावी लागेल. डॉक्टर काय बोलले?"

यादी पुढं सरकली तर कुठं येते, ते त्यानं सांगितलं नाय. त्याला माहीत, मला माहीत.

मी बोललो, "डॉक्टर बोलले, पाय पयल्यासारखा व्हायचा नाय."

"अरेरे," तो बोलला. "बरं, मग तू बुधवारी मेडिकलला ये."

बस. एवढंच. गावातल्या एका माणसाला पण हे माहीत नाय. ते बसलेत खड्यावर! मी विचार करून बोललो नाय, टेन्शनमध्ये निघून गेलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण फोन ठेवल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर सुशीलच्या फोनमधनं तो कॉल पुसून टाकला. विचार न करता कॉल कोण पुसतं? आणि त्यांनी डॉक्टरचा कागद मागितला असता तर मी तिथंच उघडा पडलो असतो. कुणी मागितला नाय. कंत्राटी माणसाच्या पायाचा कागद कोण मागतो!

बुधवारी मी मेडिकलला गेलो. छाती फुगवून दाखवली, डोळे तपासले, पंजावर उभा राहिलो. पास.

माझी सही झाल्याचं सुशीलला मीच सांगितलं, त्याच्या खाटेपाशी बसून. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मग वळून बोलला, "तुला तरी झालं. दुसऱ्या कुणाला गेलं असतं तर जास्त जळलं असतं." मनालीनं मला चहा दिला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "भावोजींनी पाठीवर आणला यांना, सख्खा भाऊ आणणार नाय असा." मी चहा प्यालो. गोड होता, सगळा प्यालो. त्यांच्या शेतातला वाल त्या वर्षी आमच्याच घरच्यांनी काढून दिला आणि दोन पायल्या मनालीनं जबरदस्तीनं आमच्याकडं पाठवल्या. माझी बायको पूजा बिरडं करायची आणि बोलायची, काय माणसं हायत बघा. मी मान खाली घालून जेवायचो.

लोक बोलतात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. सुशील पण तसंच बोलतो. खड्यावरनं मला कट्ट्यावर कुणी टोमणा मारला तर तो भांडतो त्याच्याशी. आईला पण गप्प करतो. मला तेच सोसत नाय. एकदा तरी थोबाडीत मारायची माझ्या.

एप्रिलात तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. चालत. काठी नाय, काय नाय. उन्हात हसत बोलला, "बघ रे कायमवाल्या!" आणि उजव्या पायावर, त्याच पायावर, अंगणात लंगडी घातली. आमच्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. पूजानं देवापुढं साखर ठेवली.

मग तो ओटीवर बसला आणि त्याचा आवाज खाली आला. कंपनीत जाऊन आलेला. ठेकेदारानं त्याला परत घेतला, पण नवा माणूस म्हणून. चौदा वर्षं पाण्यात. यादीत सगळ्यात खाली.

"आन ऐक," तो बोलला. "सुपरवायझर माझ्या पायाकडं बघतच राहिला. बोलतो, अरे, तुझा पाय तर गेला होता ना? साहेब जागा धरून ठेवणार होते तुझ्यासाठी. पण डॉक्टरच बोलला बोलतात, की पाय सुधारायचा नाय. काळू, मला एकदा त्या डॉक्टरला विचारायचंय. शिव्या नाय द्यायच्या, भांडायचं नाय. फक्त विचारायचं, मनालीला धावेल बोललास, मग कंपनीला का रे बाबा असं बोललास? माझ्या हातातोंडाशी आलेला घास होता. तू चल पेणला माझ्याबरोबर. तू होतास ना तिथं."

म्हंजे सुपरवायझरनं त्याला फोन कुणी उचलला ते सांगितलं नव्हतं. किंवा सुपरवायझरला स्वतःलाच आठवत नव्हतं. आमच्यासारख्यांचं बोलणं कोण लक्षात ठेवतो.

पूजा आतनं ऐकत होती. पोरी अंगणात लंगडी घालत होत्या. तो माझ्याकडं बघत होता, आणि तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा नक्की आलं असतं.

"जाऊ दे रे," मी बोललो. "डॉक्टर लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. आता विचारून काय जागा परत मिळणार हाय?"

त्यानं पायावरनं हात फिरवला, घोट्यापाशी, जिथं टाके होते.

"व्हय," तो बोलला. "तू तिथं होतास. तू बोलतोस म्हंजे तो तसंच बोलला असणार."